बीपी सांभाळणारे एन्झाइम नेमके कुठे तयार होतात: किडनी, फुफ्फुस की लिव्हर?

डी.फार्म करणाऱ्या एका मुलीनं विचारलंय की बीपी कंट्रोल करणारं एन्झाइम शरीरात नेमकं कुठे तयार होतं, कारण तिच्या एका नोट्समध्ये किडनी लिहिलंय, दुसरीकडे फुफ्फुस, आणि कुणीतरी लिव्हर सांगितलं. शिवाय तिच्या बाबांना बीपीसाठी रॅमिप्रिल चालू केली तर काही आठवड्यात कोरडा खोकला लागला, एक्स-रे क्लिअर निघाला, मग डॉक्टरांनी गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली आणि खोकला गेला. तर बीपीच्या गोळीचा खोकल्याशी काय संबंध, हा तिचा दुसरा प्रश्न. दोन्हीचं उत्तर एकाच साखळीत आहे, म्हणजे एकापुढे एक पदार्थ बनत जाऊन शेवटी बीपी वाढतं त्या साखळीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नागपुरात बरीच वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय आणि हा विषय मला मनापासून आवडतो.

आधी परीक्षेपुरतं सांगून टाकतो. एकच एन्झाइम आणि एकच जागा लिहायची असेल तर रेनिन, आणि ते तयार होतं किडनीत. पण तुझ्या तिन्ही नोट्समध्ये थोडं थोडं खरं आहे, फक्त प्रत्येकानं साखळीतली वेगळी कडी धरलीय. लिव्हरमध्ये जे बनतं ते एन्झाइमच नाही, तो कच्चा माल आहे. फुफ्फुसात जे सापडतं ते साखळीतलं दुसरं एन्झाइम, एसीई, आणि तेही फक्त फुफ्फुसात असतं असं नाही. अल्डोस्टेरॉन नावाचं जे पुढे येतं ते हार्मोन आहे, अ‍ॅड्रिनल ग्रंथीतलं. एन्झाइम (पदार्थ कापणारं किंवा बदलणारं प्रोटीन) आणि हार्मोन (रक्तातून निरोप नेणारा पदार्थ) यांची सरमिसळ गाइडमध्ये सर्रास दिसते, तिथंच मुलांचा गोंधळ होतो.

आता किडनीपासून सुरू करू, कारण बीपीचं मूळ तिथंच आहे असं माझं ठाम मत आहे. ओपीडीत मी बीपीच्या नव्या पेशंटला लघवीची आणि क्रिएटिनिनची (किडनी किती काम करतेय हे दाखवणारी रक्ताची) तपासणी लिहून दिली की हमखास प्रश्न येतो, "डॉक्टरसाहेब, बीपी तं टेन्शननं वाढते न, मग किडनीची टेस्ट कायले?" लोकांच्या डोक्यात बीपी म्हणजे हार्टचा आणि डोक्याच्या तापाचा आजार, किडनी कुठे चित्रातच नाही. आणि आली तरी उशिरा येते, बीपीमुळे किडनी खराब झाली म्हणून. हे खरंच आहे, पण अर्धं. किडनी बीपीचा मार खाते आणि किडनीच बीपी ठरवते, दोन्ही एकाच वेळी चालू असतं.

एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात, म्हणजे दहा लाख बारीक गाळण्या. प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक धमनी असते आणि ती गाळणीत शिरायच्या अगदी तोंडाशी, धमनीच्या भिंतीतच, काही पेशी वेगळ्या असतात. मुळात त्या धमनीच्या भिंतीतल्या स्नायूंच्याच पेशी, पण आकुंचन पावायचं काम कमी करून त्या कारखाना झालेल्या असतात, मायक्रोस्कोपखाली बघितल्या तर आत दाणे दिसतात आणि त्या दाण्यांमध्ये रेनिन भरून ठेवलेलं असतं. यांना जक्स्टाग्लोमेरुलर पेशी म्हणतात, सगळे जेजी सेल म्हणतात तेच म्हण. आणि गंमत म्हणजे त्याच नेफ्रॉनची नळी खाली जाऊन वळण घेऊन परत वर येते आणि नेमकी याच जागी, त्या धमनीला चिकटून जाते. नळीच्या त्या भागातल्या पेशी दाटीवाटीनं उभ्या असतात, त्यांना मॅक्युला डेन्सा म्हणतात, आणि नळीतून किती मीठ चाललंय हे त्या सतत तपासत असतात. म्हणजे एका बाजूला धमनीतलं प्रेशर कळतंय, दुसऱ्या बाजूला लघवीतलं मीठ कळतंय, आणि मधे रेनिनचा साठा तयार. एवढ्याशा जागेत एवढी व्यवस्था बसवलीय की मला अजूनही त्या जागेचा फोटो शिकवायला मिळाला की बरं वाटतं.

रेनिन सुटतं ते तीन कारणांनी. धमनीतलं प्रेशर कमी झालं, म्हणजे भिंतीवरचा ताण कमी झाला, की जेजी पेशी रेनिन सोडतात. मॅक्युला डेन्साला मीठ कमी पोचलं, खरं तर क्लोराइड कमी पोचलं, की तिकडून निरोप जातो आणि रेनिन सुटतं. आणि तिसरं, सिम्पथेटिक नसा, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सावध करणाऱ्या नसा. तुम्ही झोपलेले उठून उभे राहिलात, घाबरलात, रक्तस्राव झाला, की या नसा जेजी पेशींवरच्या बीटा-१ रिसेप्टरला (रिसेप्टर म्हणजे पेशीवरची निरोप घेणारी जागा) उत्तेजना देतात आणि रेनिन वाढतं. बीटा ब्लॉकर गोळ्या बीपी कमी करतात त्यात हार्टचा वेग कमी होणं हा एक भाग झाला, पण रेनिन कमी सुटणं हाही त्यातला मोठा भाग आहे, हे डी.फार्मच्या मुलांनी लक्षात ठेवावं, व्हायव्हाला कामी येतं. आणि हो, टेन्शननं बीपी वाढते म्हणणारे अगदीच चुकत नाहीत, फक्त ते टेन्शनसुद्धा बरंचसं किडनीच्या वाटेनंच जातं.

किडनीत असं काहीतरी आहे हे कळलं कसं तेही सांगतो, कारण पुस्तकात ते एका ओळीत उरकतात. १८९८ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्यांचा विद्यार्थी पेर बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क काढून दुसऱ्या सशांना टोचला तर बीपी वर गेलं. किडनीच्या बाहेरच्या थराच्या अर्कानं हा परिणाम व्हायचा, आतल्या भागाच्या अर्कानं नाही, आणि आज आपल्याला माहितीय की गाळण्या सगळ्या बाहेरच्याच थरात असतात. रेनिन हे नाव त्यांनीच दिलं. पण नंतर कित्येक वर्षं या शोधाकडे कुणी फारसं बघितलंच नाही. मग १९३४ मध्ये क्लीव्हलंडला हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीला क्लॅम्प लावून ती अर्धवट आवळली, रक्त कमी जाईल इतपतच, आणि बीपी वाढून वाढलेलंच राहिलं. तिथून लोक परत रेनिनकडे वळले. मला गोल्डब्लाटचा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो प्रयोग निसर्ग आपल्या पेशंटमध्ये रोज कुठे ना कुठे करत असतो, त्याबद्दल पुढे येतोच.

आता लिव्हर. रेनिन स्वतः बीपी वाढवत नाही, त्याला कापायला काहीतरी लागतं. ते म्हणजे अँजिओटेन्सिनोजेन, हे एक मोठं प्रोटीन आहे, मुख्यतः लिव्हर बनवतं आणि ते रक्तात कायम फिरत असतं, बीपी कमी असो की जास्त. अडकित्त्यानं सुपारीचा एक तुकडा कातरून घ्यावा तसं रेनिन या मोठ्या प्रोटीनच्या टोकाचा दहा अमिनो अ‍ॅसिडचा तुकडा कापून देतं, त्याला अँजिओटेन्सिन एक म्हणतात. माल भरपूर पडलेला असतो, कापणारा मोजका, म्हणून सगळ्या साखळीचा वेग मुख्यतः रेनिनवर ठरतो. म्हणूनच मी वर म्हटलं की एकच नाव लिहायचं तर रेनिन.

हा अँजिओटेन्सिन एक बिचारा जवळजवळ निकामीच असतो. त्याच्यातले आणखी दोन अमिनो अ‍ॅसिड कापून आठचा तुकडा केला की तो होतो अँजिओटेन्सिन दोन, आणि तो मात्र जबरदस्त. रक्तवाहिन्या आवळतो, अ‍ॅड्रिनलला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतो, किडनीला मीठ परत ओढायला लावतो, मेंदूत तहान लावतो. हे दोन अमिनो अ‍ॅसिड कापणारं एन्झाइम म्हणजे एसीई, पूर्ण नाव अँजिओटेन्सिन कन्व्हर्टिंग एन्झाइम, लिओनार्ड स्केग्ज यांच्या गटानं ते १९५६ मध्ये घोड्याच्या रक्तातून शोधलं.

मग फुफ्फुस कुठून आलं? सुरुवातीला वाटायचं हे कापायचं काम रक्तातच होत असेल. पण रक्तातलं काम फार सावकाश होतं आणि शरीरात तर बदल काही सेकंदात दिसतो. १९६७ च्या सुमारास जॉन वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं दाखवलं की रक्त फुफ्फुसातून एकदा गेलं की अँजिओटेन्सिन एकचं दोन होऊन बाहेर पडतं. कारण एसीई रक्तात मोकळं फार कमी असतं, ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या, म्हणजे एंडोथेलियमच्या पेशी बनवतात आणि आपल्याच पृष्ठभागावर चिकटवून ठेवतात. असं अस्तर सगळ्या अंगभर आहे, पण फुफ्फुसात केशवाहिन्यांचं जाळं प्रचंड आणि अंगातलं सगळंच्या सगळं रक्त प्रत्येक फेरीत तिथून जाणार, म्हणून ती जागा सगळ्यात सोयीची. तर "एसीई फुफ्फुसात बनतं" हे चूक नाही पण अपुरं आहे. किडनीच्या नळ्यांमध्ये, आतड्यात, हार्टच्या रक्तवाहिन्यांमध्येही ते असतं. परीक्षेत "मुख्यतः फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर, शिवाय किडनी" असं लिहिलं तर कुठलाही तपासणारा मार्क कापणार नाही.

आता बाबांचा खोकला. एसीई हे एका कामाचं एन्झाइम नाही. अँजिओटेन्सिन कापतं तसंच ते ब्रॅडिकायनिन नावाचा दुसरा पदार्थही कापून संपवतं, आणि हा ब्रॅडिकायनिन रक्तवाहिन्या सैल करणारा पण श्वासनळीतल्या नसांना चिडवणारा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, ज्या ज्या गोळीच्या नावाच्या शेवटी प्रिल येतं त्या सगळ्या एसीई बंद करतात. अँजिओटेन्सिन दोन कमी होतो, बीपी उतरतं, पण ब्रॅडिकायनिन साचतो आणि काही लोकांना कोरडा, घशात खवखव होणारा, रात्री झोपू न देणारा खोकला लागतो. शंभरातल्या पाच ते वीस जणांना लागतो असं धरतात, बायकांना जरा जास्त. गोळी सुरू केल्यावर काही तासांनीही लागू शकतो आणि काही महिन्यांनीही, त्यामुळे लोकांच्या लक्षातच येत नाही की गोळीमुळे झालाय. माझ्याकडे येतात तेव्हा दोन-तीन कफ सिरप संपलेले असतात, कुणी अँटिबायोटिकचा कोर्स केलेला असतो, घरचे टीबीच्या धास्तीनं थुंकी तपासून आलेले असतात आणि सांगतात, "हे रात्रभर खोकून राहिले, कशानंच कमी नाही होऊन राहिलं". गोळ्यांची पिशवी उघडायला लावली की प्रिल सापडतं. ते बंद केलं की साधारण एक ते चार आठवड्यात खोकला जातो, क्वचित कुणाला जास्त लागतात, दुसऱ्या दिवशीच जाईल अशी अपेक्षा धरू नये.

टेल्मिसार्टन, लोसार्टन या सार्टनवाल्या गोळ्या एसीईला हातच लावत नाहीत, त्या अँजिओटेन्सिन दोन जिथं जाऊन बसतो तो रिसेप्टर अडवतात, त्यामुळे ब्रॅडिकायनिन नेहमीसारखा संपत राहतो आणि खोकला होत नाही. म्हणून बाबांच्या डॉक्टरांनी केलेला बदल अगदी बरोबर होता. एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेव, प्रिलवाल्या गोळीनं खोकला होणं त्रासाचं आहे पण धोक्याचं नाही, ओठ-जीभ-चेहरा सुजणं मात्र धोक्याचं आहे. तेही याच ब्रॅडिकायनिनमुळे होतं, कमी जणांना होतं, पण झालं तर सरळ कॅज्युअल्टी गाठायची आणि ती गोळी आयुष्यात परत घ्यायची नाही. मेडिकल स्टोअरवर बसणार असशील तर हे तुला डॉक्टरांच्याही आधी दिसू शकतं.

एसीई बंद करणारी पहिली गोळी आली कशी हेही सांगतो. ब्राझीलच्या सर्जिओ फेरेरा यांनी तिथल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारा घटक शोधला होता, तो घेऊन ते लंडनला वेन यांच्या प्रयोगशाळेत आले, आणि तिथं लक्षात आलं की हा घटक एसीईला अडवतो. त्यावरून स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ओंडेट्टी यांनी तोंडावाटे घेता येईल असं कॅप्टोप्रिल तयार केलं आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. सापाच्या विषापासून बीपीची गोळी ही फार्मसीच्या पोरांना कायम लक्षात राहणारी गोष्ट आहे. रेनिनलाच थेट अडवणारी गोळीही आहे, अ‍ॅलिस्किरेन, २००७ मधली, पण ती फारशी चालली नाही, मी जवळजवळ वापरतच नाही.

पुढची कडी अ‍ॅड्रिनल. दोन्ही किडनींच्या डोक्यावर एकेक ग्रंथी असते, तिच्या अगदी बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन तयार होतं, आणि ते तयार करणारं शेवटचं एन्झाइम, अल्डोस्टेरॉन सिंथेज, त्याच थरात असतं. अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं मीठ ठेव, पोटॅशियम सोड. मीठ राहिलं की त्याच्यामागे पाणी राहतं, रक्ताचं आकारमान वाढतं, बीपी वर. काही लोकांत ही ग्रंथी कुणाचं न ऐकता अल्डोस्टेरॉन सोडतच राहते, जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून कॉन सिंड्रोम म्हणतात. आपण समजतो त्यापेक्षा हा आजार बराच जास्त आहे आणि आपण तो शोधत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही, पोटॅशियम कमी येतंय, पाय गळाल्यासारखे वाटतात, आणि पेशंटला वर्षानुवर्षं चौथी-पाचवी गोळी वाढवून दिली जातेय, अशा माणसाला स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे अल्डोस्टेरॉनला अडवणारी गोळी, मिळाल्यावर बीपी कसं झरझर खाली येतं ते बघण्यासारखं असतं.

याच ठिकाणी एक एन्झाइम आहे ज्याबद्दल कुणीच बोलत नाही आणि आपल्या घरांशी त्याचा थेट संबंध आहे. किडनीच्या शेवटच्या नळ्यांमध्ये अल्डोस्टेरॉनसाठी जो रिसेप्टर असतो त्यावर कॉर्टिसोल हे अ‍ॅड्रिनलचंच दुसरं हार्मोनही बसू शकतं, आणि रक्तात कॉर्टिसोल अल्डोस्टेरॉनपेक्षा कितीतरी पट जास्त असतं. मग सगळ्यांचंच बीपी का वाढत नाही, तर त्या पेशींमध्ये ११-बीटा-एचएसडी-२ नावाचं एन्झाइम पहारा देत असतं, ते कॉर्टिसोलला निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकतं. ज्येष्ठमधातला ग्लिसरायझिन हा घटक नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतो. घसा बसला म्हणून दोन दिवस ज्येष्ठमधाची काडी चघळली तर काही होत नाही, पण रोज काढा, रोज चूर्ण, महिनोन्‌महिने, आणि वर बीपीची गोळी, असं असेल तर बीपी चढतं आणि पोटॅशियम खाली येतं. कोविडच्या काळात घरोघरी काढे उकळत होते तेव्हापासून मी "काढा कोणता घेता, त्यात काय काय आहे" हा प्रश्न विचारायला कधीच विसरत नाही. आयुर्वेदाला नावं ठेवायची नाहीत, उलट औषध म्हणून ज्येष्ठमध खरंच काम करतं म्हणूनच ते बेतानं घ्यायचं.

कोविडचा विषय निघाला तर एसीई-२ पण सांगून टाकतो. हे एसीईचं भावंड, सन २००० मध्ये सापडलं, आतडी, किडनी, हार्ट, फुफ्फुस सगळीकडे थोडं थोडं असतं आणि याचं काम उलटं, अँजिओटेन्सिन दोनला कापून तो सौम्य करायचं. कोरोना विषाणू पेशीत शिरायला याच एसीई-२ चा आधार घेतो, त्यामुळे २०२० मध्ये अफवा उठली की प्रिल आणि सार्टनवाल्या गोळ्यांनी कोविड वाढतो, लोकांनी धडाधड गोळ्या बंद केल्या. तेव्हाच हृदयरोगाच्या मोठ्या संघटनांनी गोळ्या बंद करू नका असं सांगितलं होतं आणि नंतरच्या अभ्यासांतही ती भीती खरी ठरली नाही.

बीपी खाली आणणारी बाजूही असते, ती थोडक्यात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम असतं, त्यानं वाहिन्या सैल राहतात, १९९८ चं नोबेल या नायट्रिक ऑक्साइडच्या कामालाच मिळालं. हार्ट स्वतः ताण वाढला की एएनपी आणि बीएनपी सोडतं, ती हार्मोनं आहेत, आणि त्यांना संपवणारं नेप्रिलायसिन हे एन्झाइम भरपूर प्रमाणात परत किडनीतच.

आता आपल्या गावाचा मुद्दा, कारण नागपुरात राहून हे शिकायचं तर उन्हाळा सोडून चालणारच नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतपा लागला की दुपारी इतवारी-महालात रस्त्यावर माणूस दिसत नाही. घामावाटे पाणी आणि मीठ जातं, रक्ताचं आकारमान कमी होतं, आणि शरीर बीपी टिकवायला रेनिनवरच सगळी भिस्त ठेवतं. किडनीच्या गाळणीत प्रेशर राहावं म्हणून अँजिओटेन्सिन दोन गाळणीतून बाहेर जाणारी धमनी आवळून धरतो. आणि आपण तर तोच रस्ता गोळीनं अडवलेला असतो! एरवी हे चांगलंच आहे, त्या गोळ्या किडनी वाचवतात, डायबेटिसवाल्यांच्या लघवीतलं प्रोटीन कमी करतात, पण जुलाब-उलट्या लागल्या, ऊन लागलं, लघवी व्हायची गोळी सोबत चालू आहे, आणि त्यात अंग दुखतं म्हणून कुणी डायक्लोफेनॅक घेतली, की किडनीचा पुरवठा सगळ्या बाजूंनी तुटतो. सार्टन किंवा प्रिल, लघवीची गोळी आणि पेनकिलर हे त्रिकूट उन्हाळ्यात फार वाईट. बाहेरगावी लग्न, दिवसभर उन्हात उभं राहणं, रात्री सावजी, सकाळी जुलाब, गुडघ्यासाठी पेनकिलर, आणि दोन दिवसांनी लघवी कमी झाली म्हणून येतात, क्रिएटिनिन तिप्पट. वेळेवर आले तर बहुतेक सुधारतात, सलाइन आणि गोळ्या थांबवून, पण सगळेच वेळेवर येत नाहीत.

म्हणून माझ्या पेशंटला मी उन्हाळ्याआधीच सांगून ठेवतो की जुलाब-उलटीच्या दिवशी या गोळ्या घ्यायच्या की थांबवायच्या हे फोन करून विचारा, स्वतःच्या मनानं पेनकिलर घेऊ नका, आणि उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बीपी उभं राहून मोजा. उन्हाळ्यात तसंही बऱ्याच जणांचं बीपी खाली येतं, कुणाची गोळी अर्धी करावी लागते आणि दिवाळीनंतर परत पूर्ण. पण हे डॉक्टरांनी ठरवायचं, बीपी नॉर्मल आलं म्हणून स्वतःच गोळी सोडून देणं हा इकडे फार मोठा प्रॉब्लेम आहे. पन्हं, ताक जरूर प्या, फक्त हार्ट फेल्युअर असलेल्यांनी मीठ-पाण्याचं प्रमाण विचारून घ्या.

संत्र्याबद्दलही विचारतात. अल्डोस्टेरॉन कमी झालं की पोटॅशियम अंगात राहतं, आणि सार्टन-प्रिल दोन्ही अल्डोस्टेरॉन कमी करतात. किडनी चांगली असेल तर रोज दोन संत्री खुशाल खा, काहीही होत नाही. पण क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर संत्र्याचा रस, नारळपाणी आणि विशेषतः बाजारात मिळणारं लो-सोडियम मीठ सांभाळा, कारण त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि लोक ते बीपीसाठी चांगलं म्हणून मुद्दाम आणतात. अशी गोळी चालू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं, क्रिएटिनिन थोडं वाढलं, तीस टक्क्यांपर्यंत, तर घाबरून गोळी बंद करायची नसते. आणि दिवस राहिलेल्या किंवा राहण्याचा विचार असलेल्या बाईला प्रिल-सार्टन देत नाहीत, बाळाच्या किडनीला धोका असतो, कुणी प्रिस्क्रिप्शन घेऊन आली तर विचारायला लाजू नकोस.

गोल्डब्लाटचा प्रयोग निसर्ग करतो म्हटलं होतं, ते असं. विशी-पंचविशीतली मुलगी, बीपी खूप जास्त, घरचे म्हणतात लग्नाच्या विषयानं टेन्शन घेते. अशा वेळी दोन्ही हातांचं बीपी मोजायचं, मनगटाची नाडी दोन्हीकडे सारखी लागते का बघायचं, आणि पोटावर, बेंबीच्या जरा वर नि बाजूला स्टेथोस्कोप शांतपणे टेकवून ऐकायचं. कधी कधी हार्टच्या ठोक्याबरोबर बारीक सूं-सूं असा आवाज येतो, खोली शांत असेल तरच, पंखा बंद करावा लागतो. किडनीच्या धमनीत अरुंद जागेतून रक्त जाताना होणारा आवाज तो. ती किडनी आपली उपाशी, तिला वाटतं सगळ्या अंगाचंच बीपी कमी झालंय, ती रेनिन सोडत राहते आणि बाकीचं शरीर विनाकारण बीपी भोगतं. आपल्या देशात तरुण मुलींमध्ये याचं एक मोठं कारण टाकायासू आर्टरायटिस, धमन्यांना सूज येण्याचा आजार. अशा पेशंटच्या दोन्ही किडनींच्या धमन्या अरुंद असतील आणि आपण प्रिल किंवा सार्टन दिलं तर क्रिएटिनिन झपकन वर जातं, तेव्हा ती गोळी थांबवून डॉपलर किंवा सीटी अँजिओग्राफी करावी लागते. सूज आटोक्यात आणून मग फुगा घालून धमनी मोकळी करता येते आणि कित्येकींच्या गोळ्या खूप कमी होतात.

रेनिन रक्तात मोजता येतं, पण सगळ्या बीपीवाल्यांनी ते करायची गरज नाही, खर्च उगाच वाढतो. तीन गोळ्यांनीही न उतरणारं बीपी, कमी पोटॅशियम, कमी वयात सुरू झालेलं बीपी, किंवा अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ दिसलेली, अशांना रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही एकत्र करायचं आणि दोघांचं प्रमाण बघायचं. अल्डोस्टेरॉन जास्त आणि रेनिन दबलेलं तर दोष अ‍ॅड्रिनलमध्ये, दोन्ही जास्त तर किडनीच्या धमनीचा विचार करायचा. रक्त सकाळी द्यायचं, उठून निदान दोन तास हिंडल्या-फिरल्यावर, आणि देण्याआधी पाच-दहा मिनिटं बसून. पोटॅशियम कमी असेल तर आधी भरून काढायचं, नाहीतर अल्डोस्टेरॉन खोटं कमी येतं. मीठ त्या दिवसांत मुद्दाम बंद करायचं नाही. स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर साधारण चार आठवडे आधी थांबवावी लागते, बीटा ब्लॉकर आणि सार्टनमुळेही रेनिनचा आकडा हलतो, म्हणून कोणती गोळी थांबवायची, तिच्या जागी काय द्यायचं आणि किती दिवस, हे ज्या डॉक्टरांनी टेस्ट लिहिलीय त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्यायचं आणि लॅबमध्ये चालू गोळ्यांची पूर्ण यादी द्यायची.